शाळेतील बिघडलेला ध्वनिक्षेपक : दोषनिदान व दुरुस्ती

१. पाठाचा हेतू

गावोगावच्या प्राथमिक शाळांतून ध्वनिक्षेपक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला स्पीकर, ही वस्तू आता अपूर्वाईची राहिलेली नाही. परिपाठाच्या वेळची प्रार्थना, कवितांच्या चाली, कवायतीचा ठेका, स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम अशा अनेक प्रसंगी तिचा उपयोग होतो. पुष्कळ ठिकाणी ही सामग्री शाळेने विकत घेतलेली नसते. एखाद्या ग्रामस्थाने आपल्या घरातील जुनी संगीतयंत्रणा, तिच्या दोन लाकडी पेट्यांसह, शाळेस भेट दिलेली असते. वर्ष-दोन वर्षे ती उत्तम चालते. मग एखाद्या पावसाळ्यानंतर आवाज फाटू लागतो, किंवा एक पेटी अजिबात मुकी होते. पेट्या कपाटावर जातात, जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि यथावकाश त्या निर्लेखनाच्या यादीत येतात.

‘नादुरुस्त’ या शब्दाने वस्तू चालत नाही एवढेच कळते. तिचा कोणता भाग बिघडला, कशाने बिघडला आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरले, हे जेव्हा सांगता येते तेव्हाच त्यास निदान म्हणावे. अशा निदानावाचून टाकून दिलेल्या पेट्यांपैकी कित्येकांत दोष केवळ एका सुटलेल्या तारेचा किंवा कुजलेल्या कडेचा असतो. द्विशिक्षकी शाळेत शिक्षक दोन इयत्तांना लेखी काम देऊन उरलेल्या दोन इयत्तांस गोष्ट ऐकवीत असतो. तेथे शेवटच्या रांगेतील मुलाच्या कानापर्यंत शब्द पोहोचणे न पोहोचणे या पेटीवर अवलंबून असते. शिवाय मुले हे सारे पाहत असतात. बंद पडलेली वस्तू न तपासता टाकून द्यावयाची, हाही एक पाठच त्यांना नकळत मिळत असतो.

म्हणून प्रस्तुत लेखात घरगुती पेटी-स्पीकरचे दोष कोणत्या क्रमाने शोधावेत, त्यांपैकी कोणते शाळेत दुरुस्त करता येतात आणि या कामाचा वर्गपाठ कसा करता येतो, याची माहिती दिली आहे. मैदानावरील मोठ्या कर्ण्याची रचना निराळी असल्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

२. रचना व कार्य

तारेतून विद्युतप्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ही गोष्ट डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने १८२० साली दाखवून दिली. स्पीकरचे सारे कार्य याच तत्त्वावर चालते. आज घरोघरी असणाऱ्या स्पीकरचे स्वरूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून स्थिर झाले. त्यानंतर सामग्री बदलली, परंतु मूळ रचना जवळजवळ तीच राहिली आहे.

पेटीच्या पुढची जाळी काढली असता कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक उथळ शंकू दिसतो. त्याच्या अरुंद टोकास पातळ नळकांड्यावर बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला कारागीर ‘व्हॉइस कॉइल’ म्हणतात. ही गुंडाळी मागच्या चुंबकाच्या वर्तुळाकार फटीत, कशासही न टेकता, अधांतरी राहते. गुंडाळी व फटीची भिंत यांमधील अंतर मिलिमीटरच्या काही अंशाइतकेच असते. गुंडाळी फटीच्या नेमक्या मध्यभागी राहावी यासाठी दोन आधार असतात. शंकूच्या रुंद कडेस रबराची, फोमची किंवा कापडाची लवचिक पट्टी असते. मागे अरुंद टोकाशी चुणीदार कापडाची चकती असते आणि तिला ‘स्पायडर’ असे नाव आहे. शंकूच्या मध्यावर धूळ आत जाऊ नये म्हणून एक लहान टोपी चिकटवलेली असते. हे सर्व भाग एका धातूच्या सांगाड्यावर बसवलेले असतात. सांगाड्यावरील जोडटोकांपासून शंकूपर्यंत दोन मऊ, विणलेल्या तारा गेलेल्या दिसतात. शंकू सतत हलत असल्याने येथे साधी तार चालत नाही.

ॲम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलतो. त्यानुसार गुंडाळी चुंबकाकडे ओढली जाते व दूर ढकलली जाते. तिच्याबरोबर शंकू पुढे-मागे होतो, समोरची हवा कंप पावते आणि ध्वनी उत्पन्न होतो. मोठा शंकू ढोलकीसारखे खर्जातील नाद चांगले देतो. त्यास ‘वूफर’ म्हणतात. टाळ-झांजांसारख्या तीव्र नादांसाठी त्याच पेटीत एक लहान स्पीकर असतो, तो ‘ट्विटर’. तीव्र नाद ट्विटरकडे जावेत व खर्ज त्याच्यापासून अडवला जावा, यासाठी त्याच्या वाटेत निदान एक कंडेन्सर जोडलेला असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युतशक्तीपैकी शेकडा एकाच्या आसपास, किंबहुना पुष्कळदा त्याहूनही कमी शक्तीचा ध्वनी होतो. बाकीची जवळजवळ सर्व शक्ती गुंडाळीत उष्णता होऊन राहते. आवाज मर्यादेबाहेर वाढवला की गुंडाळी का जळते, याचे उत्तर यात आहे.

३. साहित्य व खबरदारी

पुढील साहित्य पुरेसे आहे : स्क्रूड्रायव्हर, दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल, हातभर लांबीच्या दोन तारा, साधा मल्टिमीटर, डाख लावण्याची विजेची सळई व डाखाची तार, वाळल्यावर लवचिक राहणारा पांढरा गोंद, पातळ टिश्यू कागद, मऊ ब्रश आणि नोंदीसाठी वही. मल्टिमीटर शाळेत नसल्यास गावातील वायरमनकडून तासाभरासाठी मिळू शकतो.

खबरदारीचे नियम थोडे आहेत, परंतु ते काटेकोर पाळले पाहिजेत.

पहिला नियम असा की, ॲम्प्लिफायरची पेटी शाळेत उघडू नये. तिच्यात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कंडेन्सरमध्ये काही काळ विद्युतभार साठून राहतो. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. दुसरा नियम असा की, स्पीकरच्या तारा जोडताना वा सोडवताना ॲम्प्लिफायर बंद करून त्याचा प्लग काढून ठेवावा. तारांची टोके चालू स्थितीत एकमेकांस लागली तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. ज्या पेटीत ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, म्हणजे जिला थेट विजेचा प्लग असतो, ती पेटीही याच कारणास्तव उघडू नये. तिसरा नियम असा की, तापलेली सळई विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये व डाखाचे काम उघड्या खिडकीजवळ करावे. डाखात शिसे असू शकते, म्हणून काम संपताच हात धुवावेत.

ॲम्प्लिफायरपासून पूर्णपणे सोडवलेला साधा स्पीकर मात्र निर्धोक असतो. पुढील तपासणी त्याच अवस्थेत करावयाची आहे.

४. तपासणीचा क्रम

तपासणीत बाहेरून आत जावे, सोपी व बिनखर्चाची कसोटी आधी घ्यावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुरू झाला, तर दोष कोठे होता हे कधीच कळत नाही. पुन्हा बिघाड झाला की सर्व शोध नव्याने करावा लागतो.

(१) उगमाची तपासणी. मोबाईलचा आवाज पुरेसा आहे काय, जोडतार पूर्ण आत बसली आहे काय, ॲम्प्लिफायरवरील उजव्या-डाव्या बाजूचे बटण मध्यावर आहे काय, हे प्रथम पाहावे.

(२) अदलाबदल. समजा, उजवी पेटी मुकी आहे. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागील बाजूस उजव्या व डाव्या तारांची अदलाबदल करावी आणि पुन्हा सुरू करावा. आता उजवी पेटी बोलू लागली व डावी मुकी झाली, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागच्या जोडणीत आहे. उजवीच मुकी राहिली, तर दोष तिच्या तारेत किंवा पेटीत आहे. तेव्हा डाव्या पेटीची चांगली तार उजव्या पेटीस लावून पाहावी. पेटी बोलली तर दोष तारेचा, न बोलली तर पेटीचा. कोणतेही उपकरण न वापरता केवळ या दोन अदलाबदलींनी दोषाचे स्थान ठरते.

(३) डोळ्यांची तपासणी. जाळी काढून शंकूस चीर आहे काय, मधली टोपी सुटली आहे काय, कडेची पट्टी कुजली आहे काय, मऊ तारा व जोडटोके शाबूत आहेत काय, सांगाड्याचे स्क्रू सैल आहेत काय, हे उजेडात पाहावे. उंदराने कुरतडल्याच्या खुणा व झुरळांची घाण पेटीच्या मागील बाजूस सापडण्याचा संभव असतो.

(४) हाताची तपासणी. दोन्ही हातांची बोटे शंकूवर मध्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंस ठेवून तो सरळ आत हलकेच दाबावा व सोडावा. कान जवळ ठेवावा. हालचाल निःशब्द असेल तर गुंडाळी मध्यभागी आहे. खरखर ऐकू आली तर गुंडाळी फटीच्या भिंतीस घासत आहे किंवा फटीत कचरा शिरला आहे. ट्विटरचा नाजूक पडदा मात्र कधीही दाबू नये.

(५) सेलची तपासणी. स्पीकरच्या दोन टोकांस दीड व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवावा. गुंडाळी अखंड असेल तर ‘कट्’ असा आवाज येतो व शंकू किंचित हलतो. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन खुणेच्या टोकास लावले असता शंकू बहुधा पुढे येतो, उलट लावले असता मागे जातो. नऊ व्होल्टची बॅटरी किंवा मोबाईलचा चार्जर या कामी वापरू नये.

(६) मल्टिमीटरची तपासणी. मीटर २०० ओहमच्या मर्यादेवर ठेवून प्रथम त्याच्या दोन सळया एकमेकींस टेकवाव्यात. येणारा लहान आकडा पुढील मोजमापातून वजा करावा. स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिले असेल तर मीटर साधारण ६ ते ७ ओहम दाखवितो. ४ ओहम लिहिले असेल तर ३ ते ३.५ च्या आसपास आकडा येतो. हा आकडा लिहिलेल्या आकड्याहून कमी असणे स्वाभाविक आहे, कारण लिहिलेला आकडा बदलत्या प्रवाहास होणाऱ्या विरोधाचा असतो व मीटर स्थिर प्रवाहास होणारा रोध मोजतो. अंकदर्शक मीटरवर डाव्या कडेस नुसता १ दिसला, किंवा काट्याच्या मीटरचा काटा हललाच नाही, तर वाट कोठेतरी तुटली आहे. आकडा शून्याजवळ आला तर गुंडाळी किंवा तारा आतल्या आत चिकटल्या आहेत. शंकू हलविताच आकडा येतो-जातो असे दिसले, तर मऊ तार आतून तुटली आहे असे समजावे.

५. लक्षणांवरून निदान

केवळ लक्षणावरून निर्णय देऊ नये. तथापि शोध कोठून सुरू करावा हे लक्षण सांगते.

आवाज मुळीच नाही : तार, जोडटोक, सुटलेला डाख, तुटलेली मऊ तार, आणि या सर्वांनंतर जळलेली गुंडाळी. जळलेल्या गुंडाळीस बहुधा करपट वास येतो.

ढोलकीच्या ठेक्यावर आवाज फाटतो किंवा फडफडतो : कुजलेली कड, चिरलेला शंकू, सुटलेली टोपी, सैल स्क्रू.

हळू आवाजातही खरखर येते : घासणारी गुंडाळी किंवा फटीतील कचरा. पेटी उंचावरून पडली असेल तर चुंबक सरकल्याचाही संभव असतो.

बोलणे घुमल्यासारखे, अस्पष्ट येते व शब्दांतील ‘स’ आणि ‘श’ नीट ऐकू येत नाहीत : ट्विटर किंवा त्याचा कंडेन्सर निकामी.

दोन्ही पेट्या चालतात, पण खर्ज पोकळ वाटतो : एका पेटीची धन-ऋण टोके उलट जोडली आहेत. एक शंकू हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसरा मागे ओढतो आणि खर्जाचे नाद एकमेकांस मारतात. दुरुस्ती केवळ दोन टोकांची अदलाबदल करण्याची आहे.

गाणे नसतानाही सतत गुणगुण ऐकू येते : दोष बहुधा स्पीकरचा नसून ॲम्प्लिफायरचा, त्याच्या जोडतारेचा किंवा विद्युतपुरवठ्याचा असतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्याने ही गुणगुण ५० किंवा १०० कंपनांची असते.

६. एक उदाहरण

समजा, एका शाळेत उजव्या पेटीतून समूहगीताच्या वेळी आवाज फाटू लागला. एकाने सांगितले, “ॲम्प्लिफायर गेला.” दुसऱ्याने सांगितले, “गुंडाळी जळाली, आता नवाच घ्यावा लागेल.” शिक्षकाने दोन्ही मते फळ्यावर लिहिली आणि चौथीच्या मुलांकडून तपासणीची नोंद ठेवविली. ती नोंद अशी :

ॲम्प्लिफायरपाशी तारांची अदलाबदल केली. फाटका आवाज उजव्याच पेटीतून आला. — म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष.

चांगली तार उजव्या पेटीस लावली. आवाज फाटकाच. — म्हणजे तार निर्दोष.

मीटरचा आकडा ६.४ ओहम. पेटीमागे ८ ओहम लिहिले आहे. — म्हणजे गुंडाळी अखंड.

शंकू दाबला. खरखर नाही. — म्हणजे गुंडाळी घासत नाही.

जाळी काढून पाहिले. कडेची फोमची पट्टी बोट लावताच भुगा होऊन पडते. चार बोटे लांबीची फट आहे. — दोष सापडला.

दोन्ही मते चुकीची ठरली. पहिल्या मतानुसार ॲम्प्लिफायर तालुक्याच्या गावी नेला असता तर भाडे व वेळ खर्ची पडून दोष जेथल्या तेथे राहिला असता. दुसऱ्या मतानुसार पेटी निर्लेखनात गेली असती. वरील नोंदीत दोष सापडल्याची ओळ एकच आहे. उरलेल्या चार ओळी दोष कोठे नाही हे सांगतात, आणि त्यांच्यामुळेच शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवता येतो. दोन्ही पेट्या एकाच वयाच्या असल्याने डाव्या पेटीची कडही पाहिली पाहिजे, ही सूचना येथे सहज निघते. अशी सूचना मुलांकडूनच यावी हे अधिक चांगले.

७. दुरुस्ती

(अ) तार व डाख. कुरतडलेली तार कापून काढावी व टोके घासून स्वच्छ करावीत. जोडावयाचे धातूचे टोक आधी तापवावे व त्यावर डाख वितळू द्यावा. सळईवरचा थेंब नुसता टेकवून ठेवल्यास तो वरवर चिकटतो व पुढे सुटतो. मऊ तार तुटली असल्यास तिच्या जागी तशीच विणलेली मऊ तार लावावी. साधी तार थोड्याच दिवसांत मोडते. नव्या तारेस मूळच्याइतकाच ढिलेपणा ठेवावा.

(आ) शंकूची चीर. चिरेच्या दोन्ही कडा जुळवून मागील बाजूने पातळ टिश्यू कागदाची पट्टी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवावी. वाळल्यावर आवश्यक तर पुढूनही तशीच पट्टी लावावी. जाड कागद, चिकटटेप किंवा गोंदाचा जाड थर टाळावा. त्याने शंकू एका बाजूस जड होतो व नाद बिघडतो. एक दिवस पूर्ण वाळू द्यावे.

(इ) कुजलेली कड. फोमची पट्टी आपल्या दमट व उष्ण हवेत काही वर्षांनी आपोआप ठिसूळ होते. यात वापरणाऱ्याचा अपराध नसतो. शंकूचा व सांगाड्याचा व्यास मोजून त्या मापाची नवी कड शहरातील स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानातून आणवावी. जुन्या फोमचा व गोंदाचा अंश हळुवारपणे खरवडून काढावा. मधली टोपी धारदार पात्याने कापून उचलावी. गुंडाळी व मधला लोखंडी खांब यांच्यातील फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या सारख्या जाडीच्या चार अरुंद पट्ट्या चार दिशांस घालाव्यात, म्हणजे गुंडाळी मध्यावर स्थिर होते. प्रथम कडेची आतली बाजू शंकूस चिकटवून वाळू द्यावी, नंतर बाहेरची बाजू सांगाड्यास चिकटवावी. सर्व वाळल्यावर पट्ट्या काढाव्यात, शंकू दाबून खरखर नाही याची खात्री करावी आणि मगच टोपी पुन्हा चिकटवावी. फटीजवळ लोखंडाचा कीस जाऊ देऊ नये. एकदा चुंबकास चिकटलेला कीस काढणे फार कठीण जाते.

(ई) ट्विटर. ट्विटरचा रोध मीटरने योग्य आला व तरी तो मुका असेल, तर कंडेन्सर बदलून पाहावा. मूळ कंडेन्सरवर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचा व धन-ऋण भेद नसलेल्या जातीचाच कंडेन्सर घ्यावा.

(उ) जळलेली गुंडाळी. ही दुरुस्ती शाळेत होत नाही. शहरातील कारागीर नवी गुंडाळी व शंकू बसवून देतात. त्यास ते ‘रिकोनिंग’ म्हणतात. त्यासाठी येणारा खर्च व नव्या स्पीकरची किंमत यांची तुलना करून निर्णय घ्यावा. मात्र गुंडाळी कशाने जळली हे पाहिल्यावाचून नवा स्पीकर जोडू नये. आवाज मर्यादेबाहेर वाढविलेला नसताना ती जळाली असेल, तर ॲम्प्लिफायरमधून स्थिर प्रवाह बाहेर पडत असण्याचा संभव आहे. तो नवा स्पीकरही जाळतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर कारागिराकडे तपासून घ्यावा.

जो स्पीकर दुरुस्त होणारा नाही, त्याचे निर्लेखन अवश्य करावे. परंतु शेऱ्यात ‘नादुरुस्त’ एवढेच न लिहिता ‘गुंडाळी जळाली, मीटरवर वाट खंडित, रिकोनिंगचा खर्च नव्या स्पीकरइतका’ असे कारण लिहावे. पुढील शिक्षकास ती नोंद उपयोगी पडते.

८. वर्गपाठ

हाताच्या उद्योगाभोवती शिक्षणाची मांडणी करावी, हा विचार १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत देशापुढे मांडला गेला. स्पीकरची दुरुस्ती हा काही शाळेचा मूलोद्योग नव्हे. तरीही हाताने काम करता करता विज्ञान, गणित व भाषा कशी एकत्र येते, याचे हे सुटसुटीत उदाहरण आहे. पुढील प्रयोग ॲम्प्लिफायर न उघडता करता येतात.

प्रयोग पहिला : स्पीकर आडवा ठेवून त्याच्या सांगाड्यावर कागद ताणून पसरावा व कागदावर चिमूटभर रवा टाकावा. ढोलकीचा ठेका हळू आवाजात लावताच दाणे नाचू लागतात. ध्वनी कंपनातून उत्पन्न होतो, हे वाक्य मुले पाठ करण्यापूर्वी पाहतात. ज्या मुलास कमी ऐकू येते त्यास प्रथम पुढे बोलवावे व सांगाड्याच्या कडेवर बोटांची टोके ठेवावयास सांगावे. ठेका त्याला बोटांनी कळतो, आणि तो टाळी देऊन इतरांना ठेका दाखवू शकतो.

प्रयोग दुसरा : सेल टेकवून शंकू कोणत्या दिशेस हलतो ते पाहावे, सेल उलटा करून पुन्हा पाहावे व दोन्ही निरीक्षणे वहीत लिहावीत.

प्रयोग तिसरा : वूफरला काट्याचा मल्टिमीटर स्थिर प्रवाहाच्या सर्वांत लहान मर्यादेवर जोडावा व शंकू हलकेच दाबावा. काटा थरथरतो. चुंबकाच्या क्षेत्रात गुंडाळी हलली की तिच्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व फॅरडे याने १८३१ साली शोधले. विजेने शंकू हलतो, तसाच शंकू हलविल्याने वीजही उत्पन्न होते, हे पाहून वरच्या वर्गातील मुलांस मोठे नवल वाटते.

निर्लेखित स्पीकर भाग वेगळे करून, प्रत्येक भागाखाली मराठी नाव लिहून, पुठ्ठ्यावर लावला असता तो उत्तम शैक्षणिक साधन होतो. चुंबक मात्र ठिसूळ असतो. तो खाली पडल्यास फुटतो, व दोन चुंबकांमध्ये बोट चिमटते, याची सूचना आधी द्यावी.

तपासणीच्या पाठात शिक्षकाने उत्तर आधी सांगू नये. “दोष कोठे असेल?” यापेक्षा “दोष कोठे नाही, हे कसे ठरवाल?” असा प्रश्न विचारावा. मुलांचे तर्क चुकले तरी ते फळ्यावर राहू द्यावेत आणि कसोटीनेच खोडावेत. वर्गात उत्तर न देणाऱ्या विद्यार्थ्याबाबतही हीच पद्धत उपयोगी पडते. त्यास ‘कच्चा’ हा शेरा देण्यापूर्वी त्याला नीट ऐकू येते काय, फळा दिसतो काय, घरची बोली निराळी आहे काय, सकाळी पोटात अन्न गेले आहे काय, हे क्रमाने पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

९. निगा

पेट्या जमिनीवर न ठेवता भिंतीपासून थोड्या दूर, फळीवर ठेवाव्यात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी त्या वाजवाव्यात. तारांची छिद्रे व पेटीची मागील भोके बारीक जाळीने बंद केल्यास उंदीर व झुरळे आत शिरत नाहीत. परंतु खर्जासाठी मुद्दाम ठेवलेले गोल तोंड बुजवू नये, त्यावर जाळीच लावावी. ॲम्प्लिफायर सुरू करताना आवाजाचे बटण शून्यावर असावे. आवाज फाटू लागला की तो लगेच कमी करावा. त्या स्थितीत ॲम्प्लिफायर आपल्या शक्तीबाहेर काम करीत असतो, व त्याचा फाटका आवाज प्रथम ट्विटरला मारतो. ८ ओहमच्या दोन पेट्या एकाच जोडटोकांवर समांतर जोडल्यास ॲम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार पडतो. त्याच्या मागे लिहिलेल्या मर्यादेहून भार कमी ओहमचा होऊ देऊ नये.

१०. केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा असलेल्या वस्तूंपैकी किती वस्तूंचे कारण लिहिलेले आहे?

(२) डावी पेटी मुकी आहे. ॲम्प्लिफायरपाशी तारा बदलल्यावरही डावीच मुकी राहते. उजव्या पेटीची तार लावताच ती बोलते. दोष कोठे आहे, व कोणते भाग निर्दोष ठरले?

(३) मीटरचा आकडा बरोबर आहे, शंकू निःशब्द हलतो, तरी आवाज फाटतो. पुढची तपासणी कोणती?

(४) हीच क्रमवार तपासणी शाळेतील हातपंप, घड्याळ किंवा विजेचा पंखा यांपैकी एका वस्तूस कशी लावता येईल? पंख्याच्या बाबतीत कोणती कामे वायरमनवरच सोपवावीत?

प्रत्येक शाळेने एका तरी बंद वस्तूची तपासणी वरीलप्रमाणे करून तिची नोंद पुढील संमेलनास आणावी. वस्तू दुरुस्त झाली नाही तरी नोंद अवश्य आणावी. कोणत्या कसोटीपर्यंत शोध पोहोचला हे त्यावरून इतर शाळांना कळेल, आणि पुढची कसोटी सुचविणे त्यांस शक्य होईल.